जिन्याखालची मांजरी

चि. मनू,

जिन्याखालची मांजरी रोज जेवते, पण हात पुढे केला की फिस्कारते. मग तिचा विश्वास बसला की नाही, असं तू विचारलंस. बसलाय. समोर माणूस आहे हे माहीत असून ती ताटलीत मान घालते, यापेक्षा जास्त काही देणं तिला जमेलच असं नाही. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात लागला, तर ते सहज माणसाळतं. ते वय उलटलेली, उघड्यावर जन्मलेली मांजरी मांडीवर येईल अशी आस धरू नकोस. कुणी घराबाहेर काढलेलं मांजर असतं, तर एव्हाना तुझ्या पायांत घोटाळलं असतं.

तरी अंतर कमी करता येतं. वेळ एक, जागा एक, ताटली एक. दूध घालू नकोस. मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही, पोट बिघडतं. बिनमिठाची उकडलेली मासळी काटे काढून दे. ताटली कोपऱ्यात ठेवू नकोस, पळायला वाट हवी. पळता येतं म्हणूनच ती थांबते. डोक्याशी उभी न राहता जरा लांब, तिरकी बस. टक लावून बघणं तिला धमकी वाटते. नजर भिडलीच तर डोळे सावकाश मिटून सावकाश उघड. २०२० साली ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की अशी उघडझाप करणाऱ्या परक्या माणसाजवळही मांजरं जास्त येतात. ती पाळीव होती, पण करून बघायला खर्च काय?

आता नसबंदीचं. पकडलं तर विश्वासघात होईल म्हणून तू टाळते आहेस. टाळू नकोस. गाभणपण जेमतेम नऊ आठवड्यांचं असतं, आणि यंदाची पिल्लं पाच-सहा महिन्यांत स्वतःच गाभण राहू शकतात. फक्त तिच्यावर चादर टाकून स्वतः झडप घालू नकोस. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेकडून पिंजरा आण, दार बांधून उघडं ठेव आणि ताटली रोज थोडी थोडी आत सरकव. ती बिनधास्त आत जाऊ लागली की मगच दार मोकळं कर. दार पडताच पिंजऱ्यावर कापड टाक. अंधारात ती लवकर शांत होते. नसबंदीच्या वेळी ती बेशुद्धीत असतानाच खूण म्हणून कानाचं टोक थोडं कापतात, म्हणजे पुन्हा कुणी तिला धरत नाही. बरी झाली की तिथेच सोड. काही दिवस ती फिरकणार नाही, पण ताटली वेळेवर ठेव. तिचा भरवसा तुझ्या हातावर कधी नव्हताच. त्या वेळेवर नि त्या जागेवर होता, आणि ती दोन्ही तुला राखता येतात.

ओरखडा किंवा चावा बसला, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टर गाठ. तुझ्या आईला हे सांगशील, तर लस घेऊन झाल्यावर सांग.

तुझी,
मावशी