झाड आणि कोप

आमच्याकडे कोप म्हणजे राग नव्हे. कडब्याच्या पाच पेंढ्या शेंड्यापाशी आवळून बुडे फाकवून उभ्या केल्या की जे खोपटे होते, त्याला धाराशिव-लातूरच्या मुलखात कोप म्हणतात. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे आमच्या वेळ अमावास्येला, गावेच्या गावे शेतात जातात. हरभऱ्याच्या रानात कोप उभी राहते. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पाच पांडव म्हणून बसतात आणि त्यांच्यापुढे आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे असा नैवेद्य होतो. ज्याला स्वतःचे रान नाही त्यालाही त्या दिवशी कोणीतरी आपल्या रानात जेवायला बोलावतेच. दिवस मावळताना पेटती पेंढी पिकाभोवती फिरवून माणसे घरी परततात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा सण ठाऊक नसण्याचा संभव आहे म्हणून एवढे सांगितले. ज्या भांडणाविषयी मला लिहायचे आहे ते मात्र अमावास्येचे नाही, नाताळचे आहे. आणि त्या भांडणात मी चुकीच्या बाजूला होतो.

आम्ही कॅथलिक. या जिल्ह्यात आमची घरे थोडकीच. आमचे चर्च म्हणजे पत्र्याचे छप्पर, खाली सतरंज्या, समोर सिमेंटची वेदी. आई त्याला देऊळ म्हणते. शहरालाही ती कधी उस्मानाबाद म्हणाली नाही, जन्मभर धाराशिवच म्हणत आली. तेव्हा २०२३ साली सरकारने जिल्ह्याचे नाव बदलले ते आमच्यापुरते बदलले, तिच्यापुरते नाही. तिचे वडील एका शेतकऱ्याकडे सालगडी होते. वेळ अमावास्येला मालकाच्या रानात कोप उभी करण्याचे काम त्यांचे. पांडवांपुढे हात जोडू नयेत असे फादर सांगत, म्हणून आमचे आजोबा कोप उभी करून बाजूला बसत आणि आंबील मात्र पोटभर पीत. चार दिवसांनी, दहा दिवसांनी नाताळ आला की त्याच हातांनी ते देवळात दुसरी कोप उभी करीत. तिच्यात बाळ येशू, मारिया आणि योसेफ. त्यांच्यामागे हे काम आईकडे आले. गोठ्यातला बैल म्हणून ती पोळ्याचे मातीचे बैल जपून ठेवी. तीन राजांसाठी उंट मिळेनात, म्हणून आमच्या देवळात पूर्वेचे तिन्ही ज्ञानी पुरुष वर्षानुवर्षे पायीच आले.

२०२२ साली वेळ अमावास्या २३ डिसेंबरला होती, नाताळच्या अवघे दोन दिवस आधी. आईला त्याचा कोण आनंद. सगळ्या गावात कडबा हलत होता, त्यातलाच एक भारा तिने मागून आणला. भारा घेऊन ती देवळात आली तर वेदीच्या उजव्या अंगाला, जिथे चाळीस वर्षे कोप उभी राहिली होती तिथे, सात फुटांचे हिरवेगार प्लास्टिकचे झाड उभे. तरुण मुलांनी वर्गणी काढून ते सोलापूरहून आणले होते. वर तारा, अंगभर दिव्यांची माळ, आणि फांद्यांवर कापूस. हा कापूस म्हणजे बर्फ. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात तिथे बर्फ पडलेला पाहून मला हसू यायला हवे होते. आले नाही, उलट देऊळ आता कुठे चारचौघांसारखे दिसते आहे असे वाटले.

"कोप कुठं मांडू?" आईने विचारले.

"बाहेर व्हरांड्यात मांड की आजी," एक मुलगा म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण व्हरांड्यात चपला काढतात.

संध्याकाळी फादरांच्या खोलीत सभा बसली. फादर तरुण, नुकतेच आलेले. त्यांनी सगळ्यांना बोलू दिले, आणि हीच चूक झाली. तेरच्या गोरोबाकाकांनी त्या रात्री थापटणे घेऊन आमची डोकी तपासली असती तर एकही मडके पक्के निघाले नसते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, झाड परकं हाय. आपल्या देवाच्या जन्माला झाड नव्हतं." मुले म्हणाली, खुद्द व्हॅटिकनमध्ये असते, मग आम्हालाच बंदी का? मग सगळे माझ्याकडे वळले. मी शिकवतो, कादंबऱ्या लिहितो, तेव्हा मला माहीत असणारच असा लोकांचा समज आहे. आणि तो समज मोडण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

मी झाडाच्या बाजूने बोललो, आणि फार चांगले बोललो. परकेपणाचा आक्षेप मी एका दमात उडवून लावला. म्हटले, 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज आहे. आणि वेळ अमावास्येच्या भज्जीत जी मिरची पडते तीही पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आली. म्हणून भज्जी परकी झाली का? मग झाडाचा इतिहास सांगितला. जर्मन मुलखात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा दिवस. त्यांच्या नाटकात एदेनच्या बागेतले झाड म्हणून लाल सफरचंदे लावलेले सूचिपर्णी झाड उभे करीत. स्ट्रासबुर्गला घरोघर अशी झाडे सजवल्याची नोंद १६०५ सालची आहे. तीवर कागदी गुलाब, सफरचंदे आणि पातळ भाकरीच्या चकत्या असत. १८४८ साली व्हिक्टोरिया राणीच्या घरच्या झाडाचे चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापले गेले आणि मग ते जगभर पसरले. आदामाच्या झाडापासून पाप आले, क्रुसाच्या झाडापासून तारण. तेव्हा वेदीपाशी झाड हवेच, असा मी समारोप केला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आई कोपऱ्यात बसली होती. ती उठताना एवढेच म्हणाली, "सावली न देनारं झाड हाय ते. राहू द्या पर तुमचं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी जे सांगितले त्यात खोटे काही नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक टोचत होते. मिरची परकी नाही हे खरे. पण मिरचीने येऊन भज्जीला पानातून उठवले नव्हते. शिवाय पुराव्यातले अर्धे मी गिळले होते. झाड हे मुळात घरातले, चौकातले. उपासनेत त्याला काही काम नाही. व्हॅटिकनमध्ये झाड लावण्याची प्रथा पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात, १९८२ साली, सुरू झाली आणि ते मोठे झाड उभे राहते ते सेंट पीटरच्या चौकात, दाराबाहेर. लोकभक्तीविषयी रोमने २००१ साली जी मार्गदर्शिका काढली तीत या झाडाला मान आहे; पण तो कुटुंबातल्या नाताळच्या संदर्भात, आणि झाडाखालच्या भेटींत गरिबांचाही वाटा असावा अशा सूचनेसह. उलट कोपीचे मूळ थेट देवपूजेशी जुळते. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी नाताळची रात्र साजरी केली तेव्हा मूर्ती नव्हत्या. गव्हाण होती, गवत होते, जिवंत बैल आणि गाढव होते, आणि त्या गव्हाणीवरच मिस्सा झाली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याच ग्रेच्चोला जाऊन, घराघरांत हा देखावा मांडत राहा, असे सांगणाऱ्या पत्रावर सही केली. गवत आणि बैल! आईच्या कोपीत याखेरीज दुसरे काय होते?

हे सगळे ठाऊक असून मी झाडाची वकिली का केली? उत्तर मला माहीत होते. पाचवीत असताना वर्गातली काही मुले नाताळला देऊळ पाहायला आली होती. कोपीत वाकून पाहून एकाने विचारले, "तुमचा देवबी कोपीतच राहतो व्हय रं?" त्याने भाबडेपणाने विचारले होते, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांच्या पांडवांसारखाच आमचा देव गवतात राहतो, मग आम्ही निराळे ते कशाने? आणि दुसरीकडे सिनेमातला, भेटकार्डावरचा नाताळ किती झगझगीत! तेव्हापासून मला ते झाड हवे होते. पंचेचाळिशीला आल्यावर मिळाले, एवढेच.

याहूनही एक गोष्ट त्या रात्री आठवली आणि मी उठून बसलो. जानेवारी २०२० मध्ये आमच्या शहरात त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नगरीला गोरोबाकाकांचे नाव होते. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. बायबल सुबोध मराठीत आणणारे, 'सुवार्ता' मासिक अनेक वर्षे चालवणारे, हरित वसईच्या चळवळीत झाडांसाठी रस्त्यावर उतरलेले. संमेलनाआधी काहींनी विरोध केला होता. मराठी साहित्याच्या मांडवात पाद्री कशाला, असा एकंदर सूर. मी तेव्हा दाटलेल्या गर्दीत फार मागे बसलो होतो. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेला तो माणूस व्यासपीठावर आला आणि मराठीत बोलू लागला, तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी शेतकऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि माझे डोळे भरून आले. या मांडवात आपली जागा आहे, ती कोणी आपल्याला दान दिलेली नाही, असे त्या दिवशी प्रथम वाटले. मागे वळून पाहिले तर ती जागा फार जुनी होती. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेही मराठी ओव्यांत. रेव्हरंड टिळक प्रोटेस्टंट. पण ख्रिस्ताला अभंगांत आणि कीर्तनात त्यांनी बसवले. कॅथलिक पंथानेही १९६९ साली भारतापुरती मोकळीक दिली: मेणबत्तीऐवजी समई, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमन, आरती, मांडी घालून बसणे. म्हणजे ज्या काळी पंडितांच्या सभा याचा विचार करीत होत्या त्याच्याही आधीपासून माझे निरक्षर आजोबा कडब्याच्या पाच पेंढ्यांनी ते काम करून बसले होते. आणि मांडवात आपल्याला जागा मिळाली म्हणून रडलेला मी, तीन वर्षांच्या आत, तीच कोप चपलांशेजारी मांडायला सांगणाऱ्यांचा वकील झालो होतो.

सकाळी उठून मी फादरांकडे गेलो आणि कालचे माझे भाषण परत घेतो म्हणून सांगितले. ते हसले. म्हणाले, "सर, भाषण परत घेता येत नाही. झाड हलवता येईल." मग त्यांनी मला एक नियम दाखवला, तो मला ठाऊक नव्हता. अमेरिकेतल्या चर्चसाठी १९८९ साली निघालेल्या आशीर्वादविधीच्या ग्रंथात म्हटले आहे की, गव्हाणीचा देखावा चर्चमध्ये मांडायचा असेल तर तोदेखील वेदीच्या चौथऱ्यावर मांडू नये. म्हणजे झाडच नव्हे, कोपही वेदीला फार खेटून होती! आईच्या बाजूने न्याय मागायला गेलो आणि तिच्याच विरुद्ध कलम घेऊन परतलो.

शेवटी फादरांनी मुलांना बोलावले. झाड दाराबाहेर व्हरांड्यात, चपला पलीकडे. कोप आत, पण चौथऱ्याखाली, माणसांच्या बाजूला. मुले रुसली. दोघे तर मध्यरात्रीच्या मिस्सेला आलेच नाहीत. आईलाही हे पसंत पडले असे नाही. चाळीस वर्षांची जागा चार हातांनी का होईना सरकली होती. पेंढ्या आवळताना ती माझ्याशी बोलली नाही. मी सुतळी धरून उभा होतो. तिने एकदाच मान वर केली आणि विचारले, "कापूस काडला का रं त्या झाडावरचा? लेकरं खातील."

त्या रात्री जे झाले ते मात्र कोणीच योजले नव्हते. दिव्यांचे झाड बाहेर आले आणि रस्त्यावरून दिसू लागले. गावातली मुले, ज्यांनी देवळाचा उंबरा कधी ओलांडला नव्हता ती, व्हरांड्यापाशी गोळा झाली. मार्गदर्शिकेतली ती सूचना ध्यानात धरून फादरांनी झाडाखाली ज्वारीची आणि तुरीच्या डाळीची पुडकी ठेवली होती, ती वाटता वाटता मुले आत डोकावली. आणि मग माझ्या पाचवीतल्या त्या सोबत्यासारखाच एक पोरगा कोपीपुढे उकिडवा बसला आणि मोठ्याने म्हणाला, "अय, ही तर आपली कोप हाय!" आई लगबगीने त्याच्याजवळ जाऊन बसली आणि आतला कोण कोणता ते बोट दाखवून सांगू लागली. मी त्या वेळी कुठे होतो? दारात, झाडाची माळ विझली होती ती दुरुस्त करीत.

त्यानंतरच्या वर्षांत ते झाड बरेच थकले. दोन फांद्या निखळल्या, तारा एका बाजूला कलला. गेल्या नाताळनंतर मुलांनीच ठरवले की प्लास्टिक पुरे, अंगणात खरे झाड लावू आणि त्यालाच दरवर्षी दिवे लावू. २०२४ च्या जुलैत दिब्रिटो गेले तेव्हापासून फादरांच्याही मनात झाड लावण्याचे होतेच. खड्डा खणून झाला. मुले म्हणतात, रोपवाटिकेत कुंडीतले ते निमुळते ख्रिसमसचे झाड मिळते, ते आणू. फादर कोकणपट्टीच्या आठवणीने सुरूचे नाव काढतात. आई म्हणते निंब. निंबाला दिवे कसे शोभतील असे मुलांनी विचारले, तर ती म्हणाली, "दिवे एक रात. उनाळा चार म्हैने." मी या वेळी काहीच बोललो नाही. पावसाळा संपला, खड्ड्यात पाणी साठून आटले, आणि अद्याप तो मोकळाच आहे.