वाइनचा निकाल

मार्क देण्याची हौस मराठी माणसाच्या रक्तातच असते. लग्नाच्या पंगतीतून उठताना जिलबीला आणि मठ्ठ्याला मार्क दिल्याशिवाय आपण हात धूत नाही. तेव्हा 2000 सालापासून नाशिकच्या वाइनचा बोलबाला सुरू झाल्यावर तिचीही परीक्षा कुणीतरी घेणार, हे उघडच होतं. ती आम्ही घेतली, आणि तीही सुरगाण्यात!

सुरगाण्याचे आमचे मित्र आश्रमशाळेत गुरुजी आहेत. त्यांच्याकडे जेवायला जाताना आमच्या बँकवाल्या स्नेह्यांनी तीन बाटल्या आणि वीस मार्कांचा तक्ता बरोबर घेतला. रंग, वास, चव आणि शेवट. घोट गिळल्यावर चव किती रेंगाळते, त्याला म्हणे शेवट म्हणतात. आपल्याकडे त्याला ढेकर म्हणतात.

"पेला जरा इकडेच धरा," गुरुजी म्हणाले. "पलीकडे गुजरात. तिथं 1960 पासून दारूबंदी."

पहिली सोव्हिन्याँ ब्लां. तक्त्यात लिहिलं होतं, 'ताज्या कापलेल्या गवताचा वास.' गुरुजींचे धाकटे बंधू दिवसभर गवत कापून आले होते. त्यांनी पेला हुंगला, मग स्वतःचा सदरा हुंगला आणि म्हणाले, "हा तर मला फुकट येतो!"

दुसरी शेनँ ब्लां. तिला पेरूचा वास यायला हवा होता. आम्ही सगळ्यांनी तो भिडेखातर घेतला. तिसरी लाल शिराझ. ती मात्र नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी यांच्यापुढे टिकली. बँकवाल्यांनी खुलासा केला, "द्राक्षाच्या साली-बियांतल्या टॅनिनमुळे जीभ कोरडी पडते."

"म्हणजे तुरट. हिरड्यावानी," चुलीपाशी बसलेल्या गुरुजींच्या आई म्हणाल्या. त्यांनी थेंबही चाखला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "ह्याला सरकार काही म्हणत नाही?"

"छे! उलट 2001 साली खास धोरण काढलंय."

"मग मोहाची काढली की पोलीस का येतो?"

बँकवाल्यांनी आंबवणं वेगळं, भट्टी लावणं वेगळं, असं समजावून पाहिलं. गुरुजी म्हणाले, "आई, मोहाची फुलं वेचायची, साठवायची बंधनं 2021 साली सैल केलीत."

"फुलं सुटली म्हण की. बाकीचं अजून आतच."

तक्त्यात या वासाला रकाना नव्हता. थोडा वेळ नुसता भाकऱ्या थापल्याचा आवाज येत राहिला.

शेवटी गुरुजींनी शाळेच्या सवयीने बेरजा केल्या. शिराझ 14, शेनँ ब्लां 11. सोव्हिन्याँ ब्लां 6. तिला एक मार्क कृपेचा देऊन वर ढकलली. एक ओळ रिकामी होती, तिथं आम्ही एकमताने 'उडदाची आमटी' लिहून वीसपैकी वीस दिले आणि निकाल मोठ्याने वाचला.

आईंनी आमच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"आमटीत आज मीठ कमी पडलंय. कळलं नाही होय कुणाला?"