घरातल्याच वस्तूंचा छंद

रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचता येणं ही आमच्या वयाच्या मुलांमध्ये मानाची गोष्ट होती. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, केशरी तीन, असं करत पांढऱ्या नऊपर्यंत. पिवळा, जांभळा, लाल असे पट्टे दिसले की चार, सात आणि पुढे दोन शून्यं : ४.७ किलोओहम. हे शाळेत कुणी शिकवलं नाही. गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान असायचं, तिथल्या काकांच्या टेबलाशी संध्याकाळी उभं राहून ते आपोआप पाठ झालं. सोल्डरिंगचा धूर आणि तापलेल्या राळेचा वास आजही कुठे आला, तर माझी पावलं थांबतात.

पहिला रेडिओ बहुतेकांचा क्रिस्टल सेट असे. पुठ्ठ्याच्या नळीवर एनॅमलची तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची, तिला गँग कंडेन्सर जोडायचा, मग ओए७९ डायोड आणि शेवटी कानाला लावायचा इअरफोन. एरियलची तार गच्चीवर ताणलेली आणि अर्थ नळाच्या लोखंडी पाइपाला. डायोड जर्मेनियमचाच लागे. तो ०.२-०.३ व्होल्टलाच वाहू लागतो, सिलिकॉनला ०.६ च्या आसपास हवे असतात आणि एरियलमधून उतरणारा सिग्नल सहसा तेवढा जोरकस नसतो. या सगळ्यात बॅटरी कुठेच नाही. इअरफोनचा पडदा हलवणारी शक्ती प्रक्षेपकाच्या मनोऱ्यावरून हवेतून आलेली. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्‌झवर लागायचं. ज्या केंद्रावरून १९५५ साली गीतरामायण सुरू झालं, त्या केंद्राचा आवाज आपण गुंडाळलेल्या तारेतून, विजेच्या बिलाशी काही संबंध नसताना कानात येतो आहे, हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती.

पुढची पायरी सुपरहेट रेडिओची. तिथे आयएफटीचे, म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीच्या ट्रान्सफॉर्मरचे, चौकोनी पत्र्याचे डबे येत. आत पिवळा, पांढरा, काळा असे गाभे, ऑसिलेटर कॉइलचा मात्र लाल. कुठलंही स्टेशन लावा, आत ते ४५५ किलोहर्ट्‌झवरच आणलं जातं आणि मग वाढवलं जातं, ही कल्पना मला अजूनही विलक्षण सुंदर वाटते. प्लॅस्टिकच्या पेचकसानं ते गाभे केसभर फिरवत अलाइनमेंट करायची. खरखरीतून निवेदकाचा आवाज हळूहळू वर येत स्पष्ट व्हायचा. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळत. मुंबईची मुलं लॅमिंग्टन रोडला जात. काउंटरवर ‘बीसी१४८ दोन द्या’ म्हटलं की दुकानदार आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघायचा, पोरगा म्हणून नाही.

आता मागे वळून बघताना जाणवतं की त्या छंदाची खरी ताकद वेगळीच होती. आमच्या टेबलावर जे भाग होते, तेच घरातल्या फळीवरच्या रेडिओत होते. तोच गँग, तेच आयएफटी, तोच स्पीकर. अनेक संचांबरोबर सर्किटचा नकाशाही मिळे. त्यामुळे पोराचा छंद आणि घराचा संसार एकाच सामानाचे होते. वाड्यातल्या काकू बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन यायच्या, ‘बघ रे बाबा, विविध भारती लागत नाहीये’ म्हणायच्या. बॅटरीच्या पट्टीवर चढलेला गंज खरवडला, तरी निम्मे रेडिओ बोलायला लागत. त्या वेळी रेडिओ ठेवायला परवाना लागे, पोस्टात जाऊन त्याची फी भरावी लागे. इतकी जपण्याची वस्तू आपल्या हाती विश्वासानं सोपवली जाते, याचा मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, ते शब्दांत मांडणं कठीण आहे.

तो काळ सगळाच चांगला होता असं मी म्हणणार नाही. त्या टेबलाशी मुली जवळजवळ नसायच्याच. माझ्या बहिणीची बोटं माझ्यापेक्षा स्थिर होती, पण सोल्डरिंग आयर्न तिच्या हातात कुणी दिलं नाही. हा अन्यायच होता.

आज तिची मुलगी, माझी भाची, शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये आर्डुइनो बोर्डवर काम करते. मातीतला ओलावा मोजून कुंडीला आपोआप पाणी घालणारं यंत्र तिनं केलं आहे. तिच्या वयात मला हे स्वप्नातही जमलं नसतं. माहिती भरपूर, भाग स्वस्त, अडलं तर दाखवायला जगभरातली माणसं. या मुलांना हातानं काही करता येत नाही ही तक्रार मला मुळीच पटत नाही.

पण तिच्या टेबलावरच्या वस्तू आणि घरातल्या वस्तू यांचं नातं तुटलं आहे. घरातला मोबाइल डिंकानं चिकटवलेला. आतले काही भाग एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद. नकाशा ग्राहकाला मिळत नाही, स्क्रूला नेहमीचा पेचकस लागत नाही. वस्तू लहान आणि वेगवान झाली, त्यात तंत्रज्ञानाची गरज होती हे मान्य. बॅटरी बदलता येऊ नये, ही मात्र तंत्रज्ञानाची गरज नव्हे, तो विक्रीचा निर्णय आहे आणि त्याविरुद्ध आपण ग्राहकांनी बोललं पाहिजे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारनं २०२२ साली पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी सर्किटचे नकाशे आणि सुटे भाग खुल्या बाजारात दिले, तर त्या हक्काला अर्थ येईल.

तोवर जे उघडतं, ते उघडायचं. मागच्या महिन्यात बहिणीच्या मिक्सरमधून ठिणग्या आणि जळका वास यायला लागला. ‘नवा घेऊ’ असं घरात ठरतही आलं होतं. मी भाचीला प्लग काढायला सांगितला आणि तिच्यापुढे साधा पेचकस ठेवला. मोटरचे कार्बन ब्रश झिजून अगदी आखूड झाले होते. तिनं जुने काढून मापाला नेले, नवी जोडी आणली आणि स्वतः बसवली. आता तिनं शेजारच्या आजींचा टेबलफॅन मागून आणला आहे.