लाईन

परवां पुण्याकडील एक स्नेही अमरावतीस आमचे घरीं उतरले होते. रात्रीं पानें वाढून होतात न होतात तोंच सर्वत्र अंधार झाला, आणि स्वयंपाकघरांतून आवाज आला, "लाईन गेली!" स्नेही हातांतला घांस तसाच धरून म्हणाले, "कोठें गेली?" त्यांच्याकडे 'लाइट' जातात, लाईन जागच्या जागीं असते. आम्हीं लगेच वऱ्हाडी प्रयोगाची तरफदारी केली. दिवा हें विजेचें एक लहानसें काम. ती गेली म्हणजे दिव्याबरोबर पिठाची गिरणी थांबते, विहिरीवरची मोटार थांबते. तेव्हां जाते ती लाईनच, नुसता उजेड नव्हे. हें व्याख्यान आम्हीं अंधारांतच दिलें. मेणबत्ती सांपडेपर्यंत दुसरा उद्योगही नव्हता.

स्नेही गेले, पण शब्द डोक्यांत राहिला. आमच्या मुलखांत तो मुख्यतः आगगाडीबरोबर रुळला असावा. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोंचली. तिच्या वाटेवर अकोला आणि बडनेरा आलीं, आणि कित्येक गांवांचे लाईनीच्या अलीकडचा व लाईनीच्या पलीकडचा असे दोन भाग झाले. पुढें या एका वऱ्हाडानें तिन्ही रुंदीच्या लाईनी पाहिल्या. मुंबई-नागपूर ही साडेपांच फुटांची. अकोल्याहून अकोटावरून खांडव्याकडे जाणारी एक मीटरची. आणि मूर्तिजापुराहून एकीकडे अचलपूर व दुसरीकडे यवतमाळ गांठणारी अडीच फुटांची, जिच्या गाडीला लोकांनीं 'शकुंतला' हें नांव दिलें. ही लाईन स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकें खासगी कंपनीच्या मालकीची होती, आणि १९९४ पर्यंत तिच्यावर वाफेचें इंजिन धापा टाकीत होतें. आतां शकुंतला धावत नाहीं. आमच्या बोलण्यांत मात्र ती 'छोटी लाईन' अजून आहे.

पलटणीच्या तंबूंच्या रांगांसही इंग्रज 'लाईन्स' म्हणत. तंबू गेले, पलटणी गेल्या. अकोल्यास सिव्हिल लाईन्स राहिली. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांस याचा राग येतो, व तो सर्वस्वीं अनाठायीं आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. रूळ, तार, रांग, ओळ, रेघ, पेशा इतके आमचे घरचे शब्द या एकट्या पाहुण्यानें पाटावर बसून फस्त केले. तरी तो जेथें बसला तेथून त्याला उठवणें सोपें नाहीं. १९७२ सालीं एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, आणि त्यानंतरच्या हंगामांत केंद्रांवर बैलगाड्यांची जी लांबच लांब लाईन लागे, तिला कोणीं 'रांग' म्हटलेलें आमच्या स्मरणांत नाहीं. रांग शाळेंतल्या मुलांची, देवदर्शनाची. जींत माणूस दोन दोन रात्री गाडीखालीं निजतो, ती लाईन.

शब्दाचें मूळ पाहूं जातां मौज आढळते. लॅटिन भाषेंत 'लिनुम' म्हणजे जवस. जवसाच्या वाखाचा दोरा तो 'लिनेआ', आणि त्यावरून इंग्रजी लाईन. ज्या जवसाची चटणी आम्ही ज्वारीच्या भाकरीबरोबर खातों, त्याच्याच कुळांतली ही पोर इंग्रजी वेष घालून कापसाच्या देशांत आली. गवंडी भिंत धरतांना जी दोरी ताणतो तिला तो 'लाईनदोरी' म्हणतो. पंडित हंसतील, कीं ही दोरीदोरी झाली! पण शब्दाचा जुना अर्थ नकळत त्याच्याच हातीं राहिला आहे.

तरुण मंडळी ज्या अर्थानें लाईन 'मारतात' त्याचा खुलासा ज्यांस हवा असेल त्यांस तो ठाऊक आहेच. तो आम्ही सोडून देतों. राहतो तो पेशाचा अर्थ. डॉक्टरीची लाईन, वकिलीची लाईन, मास्तरकीची लाईन. मुलगा दहावी झाला कीं घरोघरीं हाच प्रश्न, "कोणती लाईन घेतली?" जणूं काय फलाटावर सर्व गाड्या त्याचीच वाट पाहत उभ्या आहेत.

गेल्या हिवाळ्यांत अकोट तालुक्यांतून आमचे थोरले चुलतबंधू आपल्या मुलाला घेऊन आले. मुलाला बी. एस्सी., बी. एड. होऊन तीन वर्षें झालेलीं. दादांच्या शेताला त्या आठवड्यांत विजेची रात्रपाळी होती. रात्रभर गव्हाला पाणी देऊन ते तसेच पहांटेच्या गाडीनें निघाले होते. डोळे लाल, धोतराच्या सोग्याला चिखल. म्हणाले, "बापू, याची कुठं तरी लाईन लावून दे. मले रातची तं रातची, पण लाईन भेटते. याले दिवसाचीबी नाही अन् रातचीबी नाही." मुलगा मान खालीं घालून बशींतला चहा पीत होता.

आम्हीं शब्द दिला. शहरांत चार ओळखी आहेत असा आमचा लौकिक आहे, आणि तो राखावयाचा मोह कोणाला नसतो? एका संस्थाचालकांकडे दोन वेळां गेलों. दुसऱ्या खेपेस त्यांनीं शिक्षकाच्या जागेसाठीं जो आंकडा सांगितला, तो दादांच्या निम्म्या शेताचा होता. आम्ही नमस्कार करून उठलों.

दादांस हें कसें सांगावें या विचारांत पंधरा दिवस गेले. अखेर एका रात्रीं अकरा वाजतां फोन लावला. ते धुऱ्यावर शेकोटीजवळ बसले होते. आम्हीं प्रकृतीची चौकशी केली, थंडीची केली, गव्हाची केली. मग मुलाचें नांव काढलें, तोंच ते म्हणाले, "थांब बापू, लाईन आली." फोन तसाच चालू राहिला. आधीं मोटारीचा आवाज आला, मग पाटांत पडणाऱ्या पाण्याचा. आम्ही बराच वेळ तो कानाशीं धरून बसलों होतों.