उत्पन्न कोणाचं?

"तुम्ही ज्यांचा दाखला जोडलाय त्यांच्या रेशनकार्डावर तुमचं नाव नाही. आणि ज्यांच्या रेशनकार्डावर तुमचं नाव आहे ते तुमचे पालक नाहीत."

महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसलेल्या मॅडमनी हे शांतपणे सांगितलं. आवाजात राग नव्हता, तिरकसपणा नव्हता. दोन्ही वाक्यं खरी होती, म्हणूनच मला उत्तर सुचलं नाही. आता पहिल्या वर्षाचा निकालही लागून गेला, तरी भाजी निवडताना किंवा एसटीत बसल्यावर ती वाक्यं आठवतात आणि मी मनातल्या मनात पुन्हा त्या खिडकीशी जाऊन भांडायला लागते.

मी त्रेचाळिसाव्या वर्षी वकिलीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. २००३ मध्ये बी.ए. झाले, त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, मुलगा शाळेत जायला लागल्यावर एका पतसंस्थेत नोकरी धरली. गेली कित्येक वर्षं मी वसुली विभागात आहे. थकबाकीदाराला नोटीस काढायची, सहकार कायद्याच्या १०१ कलमाखाली वसुली दाखल्यासाठी प्रस्ताव तयार करायचा, निबंधक कार्यालयात तारखेला हजर राहायचं, ही कामं मीच करते. मसुदा माझा असतो आणि खाली सही वकीलसाहेबांची. तेव्हापासून वकील व्हायचं मनात होतं. बार कौन्सिलने तीस वर्षांची वयोमर्यादा घातली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली. हे मला त्याच वकीलसाहेबांनी सांगितलं आणि वर म्हणाले, "ताई, आता कारण उरलं नाही." सीईटी दिली, नाहरकत पत्र घेतलं, दुपारनंतरची पाळी मागून घेतली. प्रवेशफेरीत ओबीसीच्या जागेवर माझा नंबर लागला.

आणि त्याच वर्षी सरकारचा निर्णय आला होता. ८ जुलै २०२४ चा. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी वर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी निम्मं होतं, आता शंभर टक्के. मी तो निर्णय छापून घेतला आणि ओळ न् ओळ वाचला. ह्यांचा एमआयडीसीतला पगार आणि माझा पगार मिळून सहा लाखांच्या आतच जातात. आमच्या विनाअनुदानित महाविद्यालयाची वर्षाची फी साडेएकेचाळीस हजार. त्यातलं विकास शुल्क, ग्रंथालयाची अनामत, असं किरकोळ भरावं लागेल, बाकीचं माफ होईल, असा मी हिशेब मांडला. मुलगा बारावीला होता, पुढच्या वर्षी त्याच्या इंजिनिअरिंगचा खर्च समोर उभा होता. तो हिशेब जमला म्हणूनच मी घरात तोंड उघडलं.

कागदपत्रांचं मला भय नव्हतं, माझं कामच ते. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, म्हणून राजपत्रात नावबदल करून घेतला. भावाची जात पडताळणी त्याच्या नोकरीच्या वेळी झालेली होती, तिच्या आधारावर माझीही झाली. नॉन-क्रिमीलेअरचा नियम तर अगदी स्पष्ट आहे. बाईचं लग्न झालं तरी तिच्या आईवडिलांची स्थिती बघतात. नवऱ्याचा पगार धरत नाहीत आणि तिचा स्वतःचाही धरत नाहीत. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून आईचं उत्पन्न.

आई सत्तरी ओलांडलेली. तिच्या नावावर एकर-दीड एकर रान, तेही भावकीला वाट्याने दिलेलं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. तलाठी भाऊसाहेब आठवड्यातून ठरलेल्या वारी गावात येतात. मी तिला घेऊन चावडीत गेले. त्यांनी विचारलं, "कशाला लागतोय दाखला, आजी?" आई म्हणाली, "लेकीच्या शाळंला." त्यांनी माझ्यामागे दाराकडे बघितलं, लेक कुठे आहे म्हणून. आई म्हणाली, "ही काय, हीच. वकील व्हायचीया." तिथे बसलेली माणसं हसली, पण वाईट हसली नाहीत. भाऊसाहेबांनी अहवाल दिला. आई परतताना रस्त्यात भेटेल त्याला सांगत होती की लेकीच्या शाळेसाठी तिला कचेरीत जावं लागलं. मी लहान असताना माझ्या शाळेच्या कुठल्याही कागदावर तिने अंगठा केला नव्हता, ते सगळं दादांकडे, म्हणजे वडिलांकडे, असायचं.

तर नॉन-क्रिमीलेअर मिळालं आणि मला वाटलं की फीमाफीलाही हाच दाखला चालेल. एकाच प्रवेशासाठी, एकाच सरकारला, एकाच बाईचं कुटुंब दोन ठिकाणी वेगवेगळं कसं असेल?

इथे ती खिडकी आली.

मॅडम म्हणाल्या, कुटुंब म्हणजे रेशनकार्ड. आईच्या कार्डावर तुमचं नाव नाही. मी म्हटलं, बरोबर, लग्न झाल्यावर कमी केलं. मग नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला आणते, कार्ड आमचं एकच आहे. त्या म्हणाल्या, आणा. ह्यांनी रजा टाकली, सेतूत रांग लावली, दाखला काढला. तो घेऊन आम्ही दोघं गेलो. तेव्हा खिडकीवर दुसरे एक सर होते. त्यांनी दाखला उलटसुलट बघितला. "अर्जात वडील आणि आई एवढंच आहे. ह्यांचं नाव मी कुठे भरू?" मी म्हटलं, वडील हयात नाहीत असं भरा आणि पालक म्हणून ह्यांचं. ते म्हणाले, पालक फक्त आईवडील दोन्ही नसतील तर. तुमची आई आहे ना? मग आईचा दाखला द्या. मी म्हटलं, आईचाच दिला होता, मॅडमनी रेशनकार्डावरून परत केला. ते म्हणाले, "मॅडमचं बरोबर आहे."

मग मी म्हटलं, साहेब, मी कमावती आहे. कित्येक वर्षं नोकरी करते. माझी पगाराची पावती घ्या, फॉर्म सोळा घ्या, ह्यांचा दाखला घ्या, दोन्हींची बेरीज करा. आठ लाखांच्या वर जात असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. ते मला समजावल्यासारखं म्हणाले, "तुमचं उत्पन्न कोणी विचारलेलंच नाही, ताई."

जिन्यातून उतरताना हे म्हणाले, "तुझ्या प्रवेश अर्जावर पालक म्हणून सही माझीच घेतली ना त्यांनी? मग आता मी कोण?" ते क्वचितच असं बोलतात. एरवी भांडण म्हटलं की मागे सरकणारा माणूस. त्या आठवड्यात मला त्यांचा रागच येत होता, कारण ते सारखं "जाऊ दे, भरून टाकू" म्हणत होते. त्या जिन्यात मात्र राग गेला.

मी वरिष्ठांना भेटले. ते सज्जन होते, त्यांनी चहा मागवला. म्हणाले, तुमची पात्रता नक्की झाली असती तर फी मागितलीच नसती, तशा आम्हाला सूचना आहेत. पण पात्रता नक्की झालेली नाही आणि प्रवेश निश्चित करायची मुदत परवा संपते. आत्ता भरा, पोर्टलवर अर्ज मंजूर झाला की परत मिळेल, तसं लिहून घ्या. मी "हरकतीचं कारणही लेखी द्या" म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, अजून वकील व्हायचंय तुम्हाला. कारण लेखी मिळालं नाही.

दोन दिवसांत साडेएकेचाळीस हजार कुठून आणायचे? शैक्षणिक कर्जाची चौकशी मी आधीच केली होती. बँकेतल्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, मुलगा कितवीला आहे? विद्यार्थी मी आहे म्हटल्यावर त्याने कॅल्क्युलेटर काढला. तीन वर्षं शिक्षण, वरचं एक वर्ष सवलतीचं आणि मग पंधरा वर्षांपर्यंत हप्ते. बेरीज बासष्टवर गेली. एवढ्या लहान रकमेला पंधरा वर्षं लागणार नाहीत हे त्यालाही कळत होतं आणि मलाही, पण त्याने सहकर्जदार म्हणून नवरा आणि वर एक जामीनदार मागितला. मुलीसाठी काढलं असतं तर चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, जामीन लागत नाही, हे कर्जाचे कागद रोज बघणारीला कोणी सांगायला नको.

अखेर आमच्या गल्लीतली भिशी कामी आली. बाराजणी, महिन्याला तीन हजार. त्या महिन्याचा नंबर ज्या वहिनींचा होता त्यांच्या घरी फ्रिज यायचा होता. मी रात्री त्यांच्याकडे गेले. त्या सातवी शिकलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "फ्रिज दिवाळीत घेऊ" एवढंच म्हणाल्या. छत्तीस हजार त्यांचे, वरचे ह्यांच्या खात्यातले. मला कुणी विचारलं की तुमचं शिक्षण कोणाच्या योजनेतून झालं, तर मी त्या वहिनींचं नाव घेते.

हे सांगताना मला एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. आमच्या संस्थेत जानेवारी-फेब्रुवारीत कर्मचाऱ्यांकडून करसवलतीचे पुरावे गोळा करायचं काम माझ्याकडे असतं. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्याला दोन मुलांच्या शिक्षण शुल्काची वजावट मिळते, दीड लाखाच्या मर्यादेत. स्वतःच्या शिक्षणाची नाही, बायकोच्या शिक्षणाचीही नाही. स्वतःसाठी शैक्षणिक कर्ज काढलं तर व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते. म्हणजे मोठ्या माणसाने कर्ज काढून शिकलेलं चालतं, साठवलेल्या पैशाने शिकलं तर त्याची नोंद नाही. मला एवढा पगार नाही की कर लागावा, माझं व्यक्तिगत नुकसान शून्य आहे. पण दरवर्षी सहकाऱ्यांच्या मुलांच्या फीच्या पावत्या मी फायलीला लावते तेव्हा वाटतं, शिकणारा म्हणजे कुणाचं तरी मूल असणार, हे कायदा लिहिणाऱ्यांनी किती सहज गृहीत धरलं. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं ते संसारी आणि विधवा बायकांना शिकता यावं म्हणून. अण्णासाहेब कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ चं. मोठ्या वयात शिकणारी बाई महाराष्ट्राला नवीन नाही. अर्जात तिच्यासाठी एक रकाना ठेवायला शंभर वर्षं पुरली नाहीत, हे मला पटत नाही.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर खोटं होईल. फी भरली त्या दिवशी खिडकीतून पावती आली. तिच्यावर माझं नाव होतं, पूर्ण. मुलाच्या फीच्या पावत्या मी आयुष्यभर जपल्या, माझ्या नावाची ही पहिलीच, कारण बी.ए.ची फी दादांनी भरायची आणि पावती त्यांच्या ट्रंकेत जायची. मला आनंद झाला. वर्गात माझ्या मुलापेक्षा थोड्याच मोठ्या मुली होत्या, त्यांची फी माफ झाली होती, आणि मी स्वतःच्या जोरावर बसले आहे याचा मला काही दिवस अभिमान वाटला. हजेरीची सत्तर टक्क्यांची अट मी तापात जाऊनही पाळली, कारण प्रत्येक तासाचे पैसे मी मोजले होते. फुकट मिळालं असतं तर एवढी चिकाटी राहिली असती का, असंही मनात आलं. मग एकदा त्याच मुलींपैकी एक पहाटे चारला उठून, गोठ्यातलं आवरून वर्गात येते हे कळलं आणि हा विचार मी सोडून दिला. पैसे भरल्याने निष्ठा येत नाही. ते पैसे मला परत हवेत, ते माझ्या हक्काचे आहेत.

ओळखीच्या बायका विचारतात तेव्हा मी सांगते, आधी कागद गोळा करा, रेशनकार्ड बघा, नावबदल करून घ्या, मगच सीईटीचा अर्ज भरा. आणि सांगून झाल्यावर मला अस्वस्थ वाटतं. कागद पूर्ण झाल्यावर करू, मुलगा मोठा झाल्यावर करू, असं करतच माझी वीस वर्षं गेली. कागद अपुरे असतानाच मी अर्ज भरला, म्हणून आज वर्गात आहे. तेव्हा काय सांगावं हे मला खरंच ठरवता येत नाही. एवढं मात्र सांगते की खिडकीवर कोणी नाही म्हटलं तर तारीख आणि कारण त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

माझा अर्ज त्रुटीसाठी परत आला, मी दोन्ही दाखले एकत्र जोडून पुन्हा पाठवला, तो छाननीत आहे. दरम्यान मी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विचारलं, विवाहित विद्यार्थिनीच्या बाबतीत कुटुंबाचं उत्पन्न म्हणून कोणाचं उत्पन्न धरायचं? उत्तरात त्या शासन निर्णयाची प्रत आली आणि स्पष्टीकरण देणं माहितीच्या व्याख्येत बसत नाही असा शेरा. त्यांचं म्हणणं कायद्याला धरून आहे, प्रश्न मीच वेगळा विचारायला हवा. म्हणून दुसऱ्या अर्जात मी मत मागितलं नाही. छाननी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना या बाबतीत दिलेल्या लेखी सूचनांच्या प्रती मागितल्या आणि विवाहित म्हणून परत पाठवलेल्या अर्जांची संख्या मागितली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही. कलम १९(१) खालचं अपील मी स्वतः लिहिलं, वीस रुपयांचं तिकीट लावलं आणि खाली सहीही माझीच केली. सुनावणीची तारीख यायची आहे. दुसऱ्या वर्षाची फी दोन हप्त्यांत भरायची परवानगी मिळाली असून पहिला हप्ता भरून झाला आहे.