पंपाची बदनामी

‘गोळ्या द्या, इंजेक्शन द्या, पण डॉक्टर, पंप नको.’ दम्याच्या घरात हमखास निघणारं हे वाक्य मला अजून खटकतं. पहाटे वाढणारा खोकला, छातीत वाजणारी शिट्टी, धुळीने किंवा थंडीने लागणारी धाप, ही लक्षणं कुणाला ठाऊक नाहीत? तरी दम्याला दमा म्हणायचं नाही. ‘बाळदमा आहे, मोठेपणी जाईल’ म्हणायचं, कोजागरीच्या खिरीतलं औषध घ्यायचं आणि पंप अगदी गळ्याशी आल्यावरच हातात धरायचा.

मात्रा पाहिली तर ही भीती उफराटी ठरते. साल्ब्युटामॉलची गोळी 4 मिलिग्रॅमची मिळते. पंपाच्या एका दाबात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांचं औषध! शिवाय गोळी पोटातून रक्तात उतरून अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत पोचतं. स्टेरॉइडच्या धास्तीने पंप नाकारणाऱ्याला दमा उसळल्यावर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्याच गोळ्या गिळाव्या लागतात, रोज 40 मिलिग्रॅमपर्यंत. पंपातल्या बुडेसोनाइड या स्टेरॉइडची रोजची मात्रा बहुतेकांना 200 ते 400 मायक्रोग्रॅम पुरते. औषधं वेगळी आहेत, आकड्यासमोर आकडा ठेवून हिशेब होत नाही हे मान्य. पण हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं हे धोके वारंवार घेतलेल्या गोळ्यांचे अधिक. पंपाने तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते आणि ती टाळायला चूळ भरली की बरंचसं काम भागतं.

‘पण सवय लागते ना?’ रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. श्वासनलिकेची सूज कायमची असेल तर औषधही नेमाने लागणारच. तरीही या भीतीला मी सरसकट खुळी म्हणणार नाही. साल्ब्युटामॉलचा निळा पंप नळी तेवढी उघडतो, सूज तशीच राहते. म्हणूनच ‘जीना’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 साली मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असं सांगितलं. दिवसातून दहा वेळा निळा पंप ओढणाऱ्याच्या घरच्यांना काळजी वाटते ती रास्तच आहे; फक्त त्यावर उपाय पंप सोडणं हा नाही, सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप नेमाने घेणं हा आहे. दोष सगळा रुग्णाचाही नाही. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश आत ओढतानाच दाबायचं आणि दहा आकडे होईपर्यंत श्वास धरायचा, हे चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. पंपाला जोडायचा स्पेसर नसेल तर बरंच औषध घशातच बसतं, आणि मग ‘पंपाने गुण येत नाही’ हेही खरंच वाटतं. म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर पंप मारून दाखवावा, चुकत असेल तर कळेल. लग्नाच्या मुलीचा पंप पर्सच्या तळाशी लपवणाऱ्या घराला मात्र यातलं काही पटेल असं मला वाटत नाही; तिथे मिलिग्रॅमचा हिशेब ऐकतंय कोण!