गच्चीवरचा सूर्य उतरवताना

घरात नवी वस्तू आली की आशीर्वादासाठी धर्मगुरूला बोलावणे येते. शिलाई यंत्र, स्कूटर, फ्रीज, संगणक अशा कितीतरी वस्तूंवर मी आजवर पवित्र पाणी शिंपडले आहे. परंतु जुनी वस्तू घराबाहेर काढायची असली म्हणजे फादरांची आठवण कोणाला होत नाही. तेव्हा भंगारवाल्याला हाक मारली जाते. म्हणूनच यंदा एप्रिलमध्ये दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या परिसरातील एका जुन्या दुमजली घरातून निरोप आला, तेव्हा मला नवल वाटले. "फादर, गच्चीवरचा सोलर काढायचा आहे. माणसे बोलावण्याआधी एकदा येऊन जा," असे मावशींचे शब्द होते. त्यांना माझी एक जुनी चूक ठाऊक होती.

तो सोलर म्हणजे सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणारे यंत्र. 2010 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले आणि त्याच सुमारास मावशींच्या यजमानांनी मोठ्या हौसेने ते बसवून घेतले. दोन पॅनेल आणि दोनशे लिटरची टाकी. पॅनेलच्या जाड काचेखाली काळा लेप दिलेला तांब्याचा पत्रा व नळ्या असतात. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते आणि थंड पाणी खाली येते. त्याला पंपही लागत नाही. यजमान गेले. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंडी स्टँडचे पाय कुरतडले. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी 114 किलोमीटरपर्यंत पोहोचला होता. त्या दुपारी गच्चीवरचा तो सांगाडा थरथरत होता आणि खाली मावशी हातात रोझरी घेऊन बसल्या होत्या. पॅनेल उडून रस्त्यावरच्या कोणाच्या डोक्यात गेले असते तर? तेव्हापासून स्टँड दोरखंडाने बांधून ठेवला होता. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी तो उतरवणे भागच होते.

सूर्याला कामाला लावण्याचा ध्यास आपल्या शहराला नवा नाही. 1878 साली मुंबई उच्च न्यायालयातील उपनिबंधक विल्यम अॅडम्स यांनी याच विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कुलाब्याला आरशांनी ऊन एकवटून त्यांनी वाफेचा पंप चालवून दाखविला होता. 1904 साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्रदर्शनात 'पाद्री हिमालय' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या पोर्तुगीज धर्मगुरूंच्या सौरभट्टीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. अशी यंत्रे उभारणाऱ्यांची नावे आपण कौतुकाने वाचतो. ती उतरवणारे हात मात्र कोणाचे होते, हे माझ्या वाचनात कधी आले नाही.

अशाच दोन हातांशी माझी जुनी चूक निगडित आहे. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथील धर्मगुरुनिवासावरचा सोलर गळू लागला होता. मी दोन-तीन ठिकाणी विचारले आणि ज्याने पाचशे रुपये कमी सांगितले त्याला काम दिले. आतल्या तांब्यावर त्याची नजर होती, पैशांवर माझी. माझ्या लहानपणी आमच्या घरातला तांब्याचा बंब असाच मोडीत गेला होता. "काढायचेच तर आहे, त्याला काय एवढे?" असे मी मनाशी म्हटले.

सकाळी साडेदहाला दोन पोरगेलेसे कामगार आले. मला बाराची बैठक होती, म्हणून मी त्यांना घाई केली. त्यांनी पॅनेलच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले आणि ते चहाला खाली आले. चहा मीच दिला. इकडे पॅनेलच्या नळ्यांत लिटर-दोन लिटर पाणी कोंडून राहिले होते आणि वर ऊन तापत होते. वाफ जायला वाट नव्हती. परत जाऊन धाकट्याने नटाला पाना लावला, आणि उकळते पाणी व वाफ त्याच्या हातावर व छातीवर उसळली.

कोणी हळद घेऊन धावले, कोणी टूथपेस्ट. सुदैवाने खाली एक परिचारिका भगिनी होत्या. त्यांनी सर्वांना बाजूला सारले आणि त्याला वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली बसवले. मग आम्ही त्याला परळच्या के.ई.एम. रुग्णालयात नेले. तो बरा झाला. पण उजव्या हाताची कातडी आजही आखडलेली आहे. टॅक्सीत तो मला एवढेच म्हणाला, "फादर, व्हॉल्व्ह तर बंद केला होता." त्या मुलाला दोष देता येत नव्हता. कोंडलेल्या पाण्याविषयी त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि ज्याला ते ठाऊक आहे अशा माणसाला मी पाचशे रुपयांसाठी नाकारले होते. ते पाचशे रुपये माझ्या वहीत अजून नावेच पडलेले आहेत.

म्हणून मावशींना मी म्हणालो, "भंगारवाल्याला शेवटी बोलवा. आधी सोलर बसवणाऱ्याला बोलवू." एक अनुभवी प्लंबर चार माणसे घेऊन आला. आदल्या दिवशी संध्याकाळीच त्याने दोन्ही काचांवर ताडपत्री बांधली. दुसऱ्या दिवशी सूर्य वर येण्यापूर्वी काम सुरू झाले. प्रथम टाकीतल्या विजेच्या कॉइलचा फ्यूज काढून वीज खरोखर बंद असल्याची खात्री केली. मग थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. परंतु हवेची नळी व गरम पाण्याचा नळ उघडाच ठेवला, म्हणजे आत काही कोंडू नये. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन! टाकी आणि पॅनेल पूर्ण रिकामे झाल्यावरच पान्याला हात लागला.

प्रत्येक पॅनेल चाळीसएक किलोचे. दोघांनी ते घट्ट धरल्याशिवाय तिसऱ्याने शेवटचा बोल्ट काढला नाही. काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या, हातांत मोजे, तोंडावर मास्क. कारण आतल्या काचेच्या लोकरीची कुसे कातडीला व श्वासाला त्रास देतात. कठडा गुडघ्याएवढाच होता, म्हणून त्याच्याजवळ काम करणाऱ्याच्या अंगात पट्टा होता. त्याचा दोर गंजक्या स्टँडला न बांधता जिन्याच्या भक्कम खांबाला बांधला होता. सामान कठड्यावरून सोडले नाही. एक एक करून जिन्याने उतरवले. शेवटी स्टँडच्या खिळ्यांची भोके जलरोधक सिमेंटने बुजवून गच्चीच्या कोब्यावर रात्रभर पाणी साठवले आणि गळती नसल्याची खात्री केली.

वाचकांपैकी कोणाच्या घरी काचेच्या नळ्यांचा सोलर असेल, तर त्या निर्वात नळ्या धक्क्याने फुटतात. एकेक काढून गुंडाळाव्या लागतात. वीज तयार करणारी पॅनेल असतील, तर उजेड आहे तोवर त्यांत वीज असतेच, घरातला मेन बंद केला तरी. तेथे जाणकार वीजतंत्रज्ञच हवा.

भंगारवाला सर्वांत शेवटी आला. तांब्याचे पैसे मोजून झाल्यावर मावशींनी हिशेब मांडला. मजुरी तांब्याच्या किमतीपेक्षा अधिक झाली होती. मी काहीसा ओशाळून म्हणालो, "मावशी, तुमचे नुकसानच झाले."

त्यांनी चहाचे रिकामे कप उचलले. अंगणात हात धूत असलेल्या कामगारांकडे एकदा पाहिले. "फादर," त्या म्हणाल्या, "पाचही जण जिन्याने खाली आले ना?"